आधी बाळ, मग बाकी सगळं

भिंतीवरचा कागद बदलला होता, खरं तर एवढंच. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर हात धुवायच्या नळावर जे पिवळं पडलेलं कार्ड तीसेक वर्षं प्लास्टिकखाली चिकटून होतं ते गेलं होतं, आणि त्याच्या जागी एक नवा करकरीत पांढरा कागद लागला होता, चार कोपऱ्यांना चार चिकटपट्ट्या. नेव्यानानं कोपरापर्यंत साबण चोळला होता आणि ती तशीच थांबली. रोज हात धुताना तिची नजर त्या कार्डावर जायची, वाचायला म्हणून नव्हे, भिंतीवरच्या घड्याळाकडे उगाच जाते तशी. ‘नाळ कापल्यावर इंजेक्शन’ असं त्यावर जुन्या मुख्य सिस्टर पेन्काबाईंच्या ठसठशीत अक्षरात होतं. पेन्काबाई जाऊनसुद्धा चौदा वर्षं झाली, पण अक्षर अजून हुकूम सोडत होतं. नव्या कागदावर छापलं होतं, ‘सिझेरियन: अँटिबायोटिकचं इंजेक्शन चिरा देण्याआधी, तासाभराच्या आत. नाळ कापायची वाट बघू नये.’ वाट बघू नये! नेव्यानाला आधी हसू आलं आणि मग ते हसू तोंडातच कुठंतरी अडकून बसलं. एवढी वर्षं तिनं दुसरं काय केलं होतं? भरलेली सिरिंज हातात धरून ती टेबलाच्या डोक्याशी उभी राहायची आणि वाट बघायची. चिरा पडायचा, मूल बाहेर यायचं, चिमटे लागायचे, कात्री चालायची, मग पेन्काबाई, आणि त्यांच्यानंतर ती स्वतःच, मनात म्हणायची, ‘हं, आता आईचं.’ खिडकीबाहेर सोफिया शहरावर बर्फ पडत होता आणि खालून ट्राम खडखडत गेली. साबण हातावर वाळायला लागला होता.

“कार्ड कुठं गेलं?” तिनं विचारलं.

भूल देणाऱ्या डॉक्टर मिर्चेवा शेजारच्या नळावर होत्या. नेव्यानाच्या मुलीच्या वयाच्या, इथं येऊन सहाच महिने झालेले. “ते होय? फेकलं नाही हो सिस्टर, घाबरू नका. तुमच्या खणात ठेवलंय. म्हटलं तुमचं दैवत आहे ते.”

“बाळाला औषध जाईल ना पण.”

“जातं थोडं. काही होत नाही त्यानं. हजारो बाळं तपासून झालीत जगभर. पण आयांचा ताप, आतला पू, जखम चिघळणं, हे सगळं जवळजवळ निम्म्यावर येतं. अहो, सुरी लागते तेव्हा औषध रक्तात पोचलेलं हवं. नंतर देणं म्हणजे वरातीमागून घोडं.”

नेव्यानानं पाणी सोडलं. गरम होतं, चटका बसला, तरी तिनं हात मागं घेतला नाही. “आणि नाळ कापल्यावरसुद्धा उशीर झाला तर? म्हणजे, पाऊण तास?”

“कुणाला झाला?”

“कुणाला नाही. असंच विचारते.”

“मग घोडं दुसऱ्या दिवशी पोचलं म्हणायचं,” मिर्चेवा हसल्या. मग तिच्याकडे बघून त्यांनी नळ बंद केला. “एकेका बाईचं छातीठोक सांगता येत नाही, सिस्टर. वेळेवर देऊनही ताप येतो, न देताही कुणी ठणठणीत राहतं. आज अकराला पहिली केस तुमच्या भाचीचीच ना? पायाळू आहे म्हणे. तुम्ही राहणार आत, की दुसऱ्या कुणाला सांगू?”

“मीच राहीन,” नेव्याना म्हणाली.

खण उघडायला नको होता, पण तिनं उघडला. वर पेन्काबाईंचं कार्ड, आणि त्याच्या खाली, रबरी हातमोज्यांच्या जुन्या खोक्याखाली, तिला ठाऊक होतं तिथंच, घडी घातलेले दुसरे कागद. सहा वर्षांपूर्वी एक तरुण डॉक्टर ते घेऊन आला होता. कॉफीच्या वेळी त्यानं सगळ्यांना वाचून दाखवलं होतं की आता बाहेर सगळीकडे इंजेक्शन आधी देतात. आणि सगळे हसले होते. मूल व्हायच्या आधी? ह्या माणसाला आई नाही का घरी? कुणी रागावलं नाही, कुणी वाद घातला नाही, नुसते हसले, घरी पाळणा आणून ठेवलाय असं त्यानं सांगितलं असतं तर हसले असते तसे. कारण ह्या शहरात शहाणीसुरती माणसं, बँकेतली, विद्यापीठातली, मूल जन्मायच्या आधी एक लंगोटसुद्धा घरात आणत नाहीत. बाबागाडी पसंत करून दुकानातच ठेवतात. जन्म झाल्याचा फोन गेला की बाप दवाखान्यासमोरच्या दुकानात धावतो आणि टोपीच्या मापावरून गोंधळ घालतो. आधी बाळ, मग बाकी सगळं. हा काही डॉक्टरांचा नियम नव्हता, आज्यांचा होता, आणि पेन्काबाईंचं कार्ड त्यात असं चपखल बसलं होतं की ते खरं का खोटं असा प्रश्न कुणाच्या मनाला शिवलाच नाही. नाहीतर एरवी ही माणसं काय कमी भांडतात? कॉफीच्या मशीनवरून भांडतात. तो डॉक्टर पुढं जर्मनीला गेला. कागद टेबलावर राहिले, आणि ते तिथं बरे दिसेनात म्हणून ते उचलून खणात ठेवणारी नेव्यानाच होती. तिनंच. दुसऱ्या कुणाचं नाव घ्यायला जागा नव्हती. सहा वर्षं, आठवड्याला आठ-दहा बायका. त्यांतल्या कितींना तिसऱ्या दिवशी हुडहुडी भरली असेल, कितींचे टाके पुन्हा उघडावे लागले असतील? तिनं हिशेब सुरू केला आणि लगेच सोडला, कारण त्या बायकांना चेहरे नव्हते. चेहरा एकीलाच होता आणि ती सकाळपासून त्याच्याच भोवती घुटमळत होती.

स्तामेना. तिच्या धाकट्या भावाची, त्सोलोची बायको. तेव्हा तेवीस वर्षांची, गालावर खळी, खेड्यातून नवीनच आलेली, ट्राममध्ये बसायला घाबरणारी. त्या हिवाळ्यात वीज दोन तास असायची, दोन तास नसायची, आणि माणसं त्या वेळा बघून भाजी शिजवत. स्तामेनानं वीज असेल तेव्हा खिडकीशी बसून एक पिवळी टोपी विणली होती, मुठीएवढी. लपवून ठेवली होती पण नेव्यानाला दाखवली होती, “वन्सं, कुणाला सांगू नका हं, मला राहवेचना.” मग एक दिवस कळा सुरू झाल्या आणि बाळाचे ठोके मंदावायला लागले, आणि धावपळीत पोट फाडावं लागलं. नेव्याना आतच होती. सिरिंज भरलेली होती. मूल निघालं ते निळं, मुकं. नाळ कापली. त्या क्षणाला तिनं म्हणायला हवं होतं, ‘हं, आता आईचं.’ पण ते मूल तिच्या भावाचं होतं. बाळांची सिस्टर एकटीच पडली होती, आणि नेव्यानानं सिरिंजला टोपण लावून ती एप्रनच्या खिशात टाकली आणि मुलाकडे धावली. पाठ चोळली, नाकातोंडातलं ओढून काढलं, तळव्यांवर टिचक्या मारल्या, आणि केव्हातरी, युगं लोटल्यावर, मांजरीच्या पिलासारखा एक आवाज आला. रालित्सा रडली. तिच्याबरोबर आत्याही रडली. वरपासून खालपर्यंत सगळी आनंदानं हलकी झाली होती ती. स्तामेनाला वॉर्डात ढकलत नेताना मांडीला काहीतरी टोचल्यासारखं झालं म्हणून तिनं खिशात हात घातला. पाऊण तास झाला होता. तिनं तिथंच, लिफ्टच्या दारात, इंजेक्शन दिलं. कागदावर मात्र नेहमीचीच वेळ लिहिली.

तिसऱ्या दिवशी ताप. पाचव्या दिवशी खोलीत शिरताना नाकाला रुमाल. नवव्या दिवशी गर्भपिशवी काढली तेव्हा कुठं जीव वाचला. त्सोलो जिन्यावर बसून राहायचा, खालच्या पायरीकडे बघत. आणि मग आई, नेव्यानाची आणि त्सोलोची. आईनं कपाटातून टोपी शोधून काढली. आई वाईट नव्हती, पण दुःख झालं की तिला कुणाला तरी धरावं लागायचं. स्वयंपाकघरात, शेगडीसमोर, जेमतेम उभ्या राहिलेल्या स्तामेनाच्या तोंडावर तिनं ती नाचवली. “आधी विणलीस! मूल पोटात असताना विणलीस! ओढवून घेतलंस ना?” आणि टोपी शेगडीत टाकली. लोकर जळल्याचा वास. तो वास नेव्यानाला आजही कधीकधी भर रस्त्यात येतो. ती दाराशी उभी होती. तिनं बोलायला तोंड उघडलं होतं, देवाशप्पथ उघडलं होतं, आणि त्या अर्ध्या क्षणात तिला कळलं की टोपीवर गेलेला दोष खिशावर येणार नाही. तिनं तोंड मिटलं. बस, एवढंच. माणूस म्हणतो एवढंच, आणि त्या एवढ्यावर अठ्ठावीस वर्षं निघून जातात. स्तामेनाला पुन्हा मूल होणार नव्हतंच, पण ते आपल्या हातानं झालं असं मानून ती जगली. चर्चमध्ये मेणबत्ती लावताना ती क्षमा मागायची हे नेव्यानानं ऐकलंय, शेजारी उभं राहून.

साडेनऊला वॉर्डातली गुंका मावशी सांगत आली, “सिस्टर, खाली जिन्यापाशी बायका जमल्यात. तुमची भावजय पण आलीय, भली मोठी बाटली घेऊन.” आज सुइणींचा दिवस. जानेवारीच्या ह्या तारखेला, कितीही बर्फ असो, मुलं झालेल्या बाया येतात आणि मुलं काढणाऱ्या हातांवर पाणी घालतात, साबण देतात, नवा टॉवेल देतात. फ्लूमुळे वर वॉर्डात यायला बंदी होती, म्हणून सगळं खालच्या चौकातच चाललं होतं. बानित्साचे, म्हणजे चीज भरलेल्या पापुद्र्याच्या पोळीचे तुकडे, त्यांचा वास, एका डॉक्टरच्या खिशात कुणीतरी घरगुती दारूची चपटी बाटली कोंबत होतं आणि तो “अहो, ड्यूटीवर आहे” म्हणत खिसा फाकवून धरत होता. स्तामेना एका बाजूला उभी होती. पन्नाशी उलटली तिची आता, खळी सुरकुतीत गेली. हातात भर शहरातल्या गरम झऱ्याच्या पाण्याची बाटली, कोटात गुंडाळून आणलेली, कोमट राहावी म्हणून.

“या वन्सं, हात पुढं करा. आज तरी नाही म्हणू नका,” ती म्हणाली. खाली घमेलं ठेवलेलंच होतं. “दर वर्षी पळ काढता तुम्ही. लोकं काय म्हणतील, सख्ख्या नणंदेच्या हातावर पाणी घालत नाही ही!”

नेव्यानानं हात पुढं केले. पाणी पडलं. कोमट, जरासं गंधकाचं.

“माझ्या पोरीला ह्याच हातांनी आणलंत,” स्तामेना हळू म्हणाली. “आज तिच्या पोराला आणा. आणि ऐका, मी काहीसुद्धा घेतलेलं नाही. सुईदोरासुद्धा नाही! रालित्सानं मेलीनं फोनवरून काय काय मागवलं होतं, मी डिलिव्हरीवाल्याला दारातूनच परत धाडला. तर माझ्यावरच चिडली. चिडू दे. मला विचारा म्हटलं, काय होतं ते. तिला नाही ना ताप येणार, वन्सं? मी तर काही नाही केलं ह्या वेळी.”

ह्या वेळी. नेव्यानाला वाटलं, आता बोलू नये, पोरगी वर टेबलावर जायचीय, ही बाई आधीच अर्धमेली झालीय, आज नको, बाळ होऊ दे, मग सांगू. आधी बाळ, मग बाकी सगळं. हेच, नेमकं हेच वाक्य तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःचीच किळस आली.

“स्तामेना, तू तेव्हाही काही केलं नव्हतंस.”

“असू द्या हो. जुनं झालं.”

“नाही, ऐक. तुला एक इंजेक्शन द्यायचं होतं, ताप येऊ नये म्हणून. माझ्या हातात होतं ते. रालित्सा रडेना म्हणून मी तिच्याकडे धावले आणि ते माझ्या खिशात राहिलं. पाऊण तास. मी विसरले. आणि कागदावर खोटी वेळ लिहिली.” पाणी थांबलं होतं. “वेळेवर दिलं असतं तरी ताप आला असता कदाचित. ते मला सांगता येत नाही, कुणालाच येत नाही. पण विणकामानं कुणाला ताप येत नाही, एवढं मला तेव्हाही माहीत होतं. आई बोलली तेव्हा मी दारात उभी होते. मी गप्प बसले.”

स्तामेना तिच्या हातांकडे बघत राहिली. मागं कुणीतरी मोठ्यानं हसलं, कुणीतरी पाण्याचा हबका उडवला.

“मग ती टोपी?” तिनं विचारलं.

“टोपीचं काही नव्हतं.”

“काहीच नव्हतं?”

“काहीच नव्हतं गं.”

स्तामेनानं बाटलीला झाकण लावलं. दोनदा आटे चुकले, तिसऱ्यांदा बसलं. एवढीशी गोष्ट ती फार लक्ष देऊन करत होती. मग नवा टॉवेल काखेत तसाच धरून ती वळली आणि दार ढकलून बर्फात निघून गेली. कोटाची बटणंसुद्धा लावली नाहीत. ओल्या हातांनी नेव्याना उभी. बोटांवरून घमेल्यात टप टप. थोड्या वेळानं तिनं हात एप्रनला पुसले, त्याच्याच खिशावर, आणि ती वर गेली.

“आत्या, आई भेटली? काय म्हणाली?” टेबलावर रालित्सानं विचारलं. कमरेखालची भूल दिली होती, ओठ पांढरे झाले होते.

“बाहेर गेलीय जरा.”

“चिडलीय का? मी ते मागवलं म्हणून? साधा दुपट्यांचा जोड होता गं.”

“तुझ्यावर नाही चिडली,” नेव्याना म्हणाली आणि तिनं सिरिंज उचलली. सर्जन अजून हात पुसत होते. सुरी कापडावर होती, स्वच्छ. मिर्चेवांनी घड्याळाकडे बघून मान हलवली. नेव्यानाचा अंगठा दट्ट्यावर होता आणि तो दाबला जाईना. अंगठ्यालाही सवय असते. आत मूल होतं, अजून जन्मलेलं नव्हतं, रालित्साच्या पोटावर एका बाजूला त्याचं डोकं वर आलेलं दिसत होतं, आणि तिच्या हातातल्या तीस वर्षांना वाटत होतं, थांब, अजून नाही, दृष्ट लागेल. आईचा आवाज, पेन्काबाईंचा आवाज, शेगडीचा वास. “सिस्टर?” मिर्चेवा म्हणाल्या. नेव्यानानं दाबलं. हळूहळू, पूर्ण, शेवटच्या थेंबापर्यंत. रिकामी सिरिंज तिनं ट्रेमध्ये टाकली आणि तिचा तो छोटासा आवाज ऐकला. मग वेळ लिहिली, खरी. थोड्या वेळानं चिरा पडला. पाय आले, कुल्ले आले, हात सोडवले, शेवटी डोकं, आणि आलं ते कोकलतच आलं, मुलगा, गुलाबी, रागावलेला. चिमटे लागले. कात्री चालली. आणि नेव्यानाचा हात, कुणी न सांगता, खिशात गेला. खिसा रिकामा होता. एका कोपऱ्याला ओला होता फक्त.

दारापाशी गुंका मावशी कागदी पिशवी घेऊन उभी होती, तोंडाचा चंबू करून. “सिस्टर, माझा काही दोष नाही हं ह्यात. तुमच्या भावजयीनं समोरच्या दुकानातून आणून दिलीय, तुम्ही आत गेलात ना तेव्हाच. मी म्हटलं, अहो बाई, अजून मूल जन्मलं नाही, थोडं थांबा, असं आधी देऊ नये. तर मलाच म्हणाल्या, ‘म्हणूनच आत्ता देतेय.’ डोकं फिरलंय का हो त्यांचं?”

पिशवीत टोपी होती. पिवळी. दुकानातली, मशीनवर विणलेली, लेबल अजून लटकत होतं. नेव्यानानं ते दातानं तोडलं, तिच्या जन्मात थिएटरच्या दारात तिनं असलं काही केलं नव्हतं, आणि भाचीच्या पोराच्या ओल्या डोक्यावर टोपी चढवली. मोठी झाली. डोळ्यांवर आली.

त्या संध्याकाळी फोन आला. “वन्सं, मी तुमच्याशी चाळीस दिवस बोलणार नाहीये.”

“बरं.”

“जास्तसुद्धा होतील.”

“होऊ देत.”

“ताप?”

“नाही.”

फोन ठेवला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वाजला. नमस्कार नाही, चमत्कार नाही, “ताप?” “नाही.” खट्. संध्याकाळी तेच. नेव्याना आपली पाळी संपल्यावरही घरी जाईना. रालित्साच्या खाटेशी बसायची, थर्मामीटरवर विश्वास नसल्यासारखी तिच्या कपाळाला हात लावून बघायची, जखमेवरची पट्टी उचलून वास घ्यायची, आणि रालित्सा कुरकुरायची, “आत्या, झोपू दे ना गं मला.” तिसऱ्या दिवशी तर ती पहाटेच येऊन बसली. तिसरा दिवस तिला पाठ होता. दहाला हुडहुडी सुरू झाली होती तेव्हा, अकराला दात वाजत होते. दहा वाजले. अकरा वाजले. रालित्सानं सूप पिऊन आणखी मागितलं. बाराला मिर्चेवा डोकावून गेल्या आणि तिच्या खांद्यावर थोपटून गेल्या. ही एक वाचली म्हणून ती एक भरून येत नाही, हे नेव्यानाला कळत होतं. खणातल्या कागदांनी सहा वर्षांत जे केलं तेही तिला एक दिवस मिर्चेवांपुढं बोलावं लागणार होतं. पण कपाळ थंड होतं. तळहाताखाली नुसतं थंड, जरासं घामट, साधं कपाळ.

फोन वाजला.

“ताप?”

“नाही.”

पलीकडून ठेवल्याचा आवाज आला नाही. ट्राम जात होती तिकडे, तिची घंटा ऐकू आली. मग श्वास. नेव्याना फोन कानाशी घट्ट धरून उभी राहिली.

“तो टॉवेल,” स्तामेना म्हणाली. “तुमचा. माझ्याकडेच राहिलाय.”